साउंड माझ्याकडे आहे

ती. आई-बाबांना सा. न.

फोनवर बाबा नुसतं "हां, हां" म्हणतात आणि ठेवल्यावर आईला विचारतात, काय म्हणत होती गं? म्हणून हे पत्र. बाबांनी स्वतः वाचायचं.

कॉलेजात पाच जणांच्या गटानं मिळून सहा मिनिटांचा व्हिडिओ करायचाय. आम्ही पुण्यातलीच, कसबा पेठेतली तांबट आळी घेतली. एकाला कॅमेरा हवा होता, एकाला एडिटिंग, दोघांना दिग्दर्शन (त्यावरून दोन दिवस अबोला). उरला साउंड, तो माझ्या गळ्यात. कानाला हेडफोन आणि हातात लांब काठीच्या टोकाला माईक. दहा मिनिटांत खांदे भरून येतात.

तिथं हंड्या-घंगाळांवर मठारकाम चालतं. ठोक्याला लागून ठोका, भांडं फिरवत फिरवत. त्यानं तांब्याचा पत्रा कडक होतो आणि अंगावर ते चकाकते ठिपके उठतात. आपल्या माळ्यावरच्या बंबाला आहेत तसे. पहिल्या दिवशी मी लेव्हल बोलण्याच्या हिशोबानं लावली. ठोका पडला की आवाज फाटायचा, आणि ते कळलं रूमवर आल्यावर! चौघांची बोलणी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी लेव्हल पार खाली घेतली, कारागिरांच्या बोलण्यासाठी वेगळा कॉलर माईक लावला आणि ऐकत बसले. हंड्याच्या पोटावरचा ठोका वेगळा वाजतो, गळ्याजवळचा वेगळा. तासाभरात डोळे मिटून सांगता यायला लागलं. बाबा, मी डबा घेऊन यायचे तेव्हा तुम्ही घास तसाच ठेवून उठायचात, "तीन नंबरचा धोटा नीट जाईना." सहा माग धडधडत असताना! मला तेव्हा ती जादू वाटायची.

आता एक कबुली. प्रोजेक्टच्या फायलीत प्रत्येकानं आपली पार्श्वभूमी आणि जबाबदारी लिहायची होती. मी आधी लिहिलं, 'वडील वस्त्रोद्योगात.' खोटं नाही, पण वाचणाऱ्याला वाटेल आपल्या दोन मिल आहेत. खोडलं. मग लिहिलं, 'गाव इचलकरंजी. तिथं 1904 साली पहिला यंत्रमाग आला. वडिलांनी 31 वर्षं दुसऱ्याचे माग चालवले, आई कांड्या भरते. गोंगाटातून एक आवाज वेगळा काढायला मी तिथं शिकले. या व्हिडिओचा साउंड माझ्याकडे आहे.' सर म्हणाले, लांबलंय, शेवटची दोन वाक्यं ठेव. मी काहीच कापलं नाही.

आणखी एक, व्हिडिओखाली मी हट्टानं अक्षरं घातलीत, चांगली मोठी. दोन्ही दिग्दर्शकांचा विरोध होता, फ्रेम बिघडते म्हणे. या एका गोष्टीवर त्यांचं एकमत झालं. बिघडू दे. बाबांना प्रत्येक शब्द कळला पाहिजे.

बाबा, कानाच्या मशीनची सवय व्हायला वेळ लागतो हे खरं, पण कपाटात ठेवून ती होत नाही. आई, लक्ष ठेव.

दिवाळीत रेकॉर्डर घेऊन येतेय. तुमच्या जुन्या मालकांना विचारून ठेवा, बाकीचे माग बंद ठेवून एकच माग दोन मिनिटं चालवू देतील का. तीन नंबरचा मिळाला तर बघा.

तुमची,
धाकटी