अपराजित कोणाविरुद्ध, तेही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या क्रीडा पानावर मागच्या आठवड्यात एका तरुण भारतीय व्यावसायिक मुष्टियोद्ध्याची बातमी होती. ‘नऊ लढती, नऊ विजय, अपराजित’ असा ठळक मथळा आणि खाली हात उंचावलेला फोटो. पोराचं नाव इथं घेत नाही, कारण तक्रार त्याच्याबद्दल नाही. ज्याला त्यानं पहिल्याच फेरीत झोपवलं, त्याचं बातमीत फक्त नाव आणि देश होता. लंडनला असलेल्या जावयाला फोन करून मी त्या पाहुण्याची कुंडली काढायला सांगितली. बॉक्सरेक नावाच्या संकेतस्थळावर जगभरातल्या व्यावसायिक लढतींची नोंद असते. दहा मिनिटांत उत्तर आलं. पाहुण्यानं त्याआधीच्या सलग अकरा लढती हरल्या होत्या. हा एवढा आकडा बातमीत असता तर मथळा तसाच राहिला असता का?

मी बॉक्सर नाही, प्राथमिक शिक्षक म्हणून निवृत्त झालो. पण आमच्या गावच्या जत्रेतल्या कुस्ती मैदानाची वही बावीस वर्षं माझ्याकडे होती, त्यामुळं जोड लावणं, म्हणजे कुणासमोर कुणाला उभं करायचं ते ठरवणं, मला ठाऊक आहे. मैदानाच्या दुपारी पोरं लंगोट कसून ओळीनं बसायची. वजनकाटा नव्हता. आम्ही पंच दंड दाबून बघायचो, मांड्या बघायचो आणि शेवटी कान. ज्याचे कान चुरगळलेत तो चार वर्षं तरी मातीत घासलेला. त्याच्यासमोर कोऱ्या कानाचं पोरगं उभं करायचं नाही, अंगानं सारखं दिसलं तरी. चुकलो तर लोक ऐकून घेत नसत. "जोड न्हाय, सोडवा!" असा कालवा उठायचा की हलगीवाला वाजवायचा थांबायचा.

एकदा मी समजून उमजून चुकलो. गावातल्या एका वजनदार माणसाचा भाचा कोल्हापूरच्या तालमीत दोन वर्षं राहून आला होता. त्याला पाचशेची कुस्ती हवी होती, आणि मामाला ती जिंकलेली बघायची होती. शेजारच्या गावचा, ऊसतोडीला जाणारा एक पोरगा मी समोर दिला. अर्ध्या मिनिटात चितपट. फेटे उडाले, भाचा खांद्यावर बसून मैदानभर फिरला. एक म्हातारे वस्ताद शेजारी येऊन हळूच म्हणाले, "मास्तर, कुस्ती लावली का बकरं कापलं?" ते मी सोसलं. पण हरलेला पोरगा माती झटकत आला, पडल्याचे दीडशे रुपये मोजून घेतले आणि म्हणाला, "पुढच्या सालीबी बोलवा गुरुजी."

त्याच्यासारखाच एक गडी मला दोन वर्षांपूर्वी लंडनमध्ये दिसला. मुलीकडं गेलो होतो, तर जावयानं बेथनल ग्रीनच्या यॉर्क हॉलला नेलं. १९२९ सालची सार्वजनिक स्नानगृहाची इमारत, आत पोहण्याचा तलाव, आणि त्याच इमारतीत हजार-बाराशे माणसांचा हॉल, जिथं बॉक्सिंग होतं. तिकीट खिडकीवर घेतलं नव्हतं. जावयाच्या ऑफिसातल्या एकाचा भाऊ त्या रात्री लढणार होता, त्याच्याकडूनच घेतलं होतं. तिथल्या छोट्या कार्यक्रमांत नवख्या बॉक्सरनं आपली तिकिटं आपणच खपवायची, आणि त्याच पैशातून समोरच्याचं मानधन निघतं. आता सांगा, ज्यानं शंभर तिकिटं विकली त्याला हरवायला कोण कुणाला बोलावेल?

घरचा बॉक्सर यायचा तो गाण्यावर, दिव्यांच्या झगमगाटात, त्याच्या नावाचे टी-शर्ट घातलेले मित्र ओरडत असायचे. पाहुणा आधीच रिंगणात येऊन उभा, खांद्यावर टॉवेल, तोंडावर ‘लवकर आटपा, परतीची गाडी आहे’ असा भाव. सात लढती झाल्या, सातही घरच्यांनी जिंकल्या. चार-चार फेऱ्यांच्या लढती. तिथं अशा लढतीचे गुण रिंगणातला एकटा रेफरीच देतो आणि शेवटी विजेत्याचा हात वर करतो. एक चाळिशीकडं झुकलेला पाहुणा होता. हात उंच धरून, कोपरं आवळून, दोरावर रेलून त्यानं सगळे ठोसे दंडावर घेतले आणि मधूनच समोरच्या पोराच्या कानात काहीतरी सांगून हसला. जावई म्हणाला, यानं सत्तरच्या वर लढती हरल्यात. मला तर त्या रात्रीचा सगळ्यात कसबी गडी तोच वाटला.

इंग्लंडात अशांना ‘जर्नीमन’ म्हणतात. बर्मिंगहॅमच्या पीटर बकलीनं १९८९ ते २००८ या काळात ३०० लढती केल्या. ३२ जिंकल्या, २५६ हरल्या, १२ बरोबरीत सुटल्या. पुढं जगज्जेता झालेल्या नसीम हमीदसमोर तो दोनदा उभा राहिला. क्रिस्टियन लेट हा दुसरा, त्याच्याही ३०० लढती आणि विजय अवघे १२. हे लोक दोन-चार दिवसांच्या निरोपावर येतात. नॉकआऊट झाले तर वैद्यकीय नियमानं सक्तीची सुट्टी लागते आणि रोजी बुडते, म्हणून मार चुकवण्यात ते पटाईत होतात. आणि जास्त जिंकायला लागले तर फोन येणं बंद होतं. ही नुरा कुस्ती नव्हे, कुणी कुणाला ‘पड’ म्हणून सांगत नाही. पण जोड अशी लावायची की सांगावंच लागू नये.

बॉक्सिंगमध्ये जोड लावणाऱ्याला मॅचमेकर म्हणतात आणि तो प्रमोटरच्या, म्हणजे लढती भरवणाऱ्याच्या, पदरी असतो. आमच्या वहीत आणि त्याच्या वहीत फरक तो हाच. मी दोन्ही पोरांकडं बघायचो (त्या एका सालाचा अपवाद), त्याला एकाच पोराचं भविष्य घडवायचं असतं. हे सगळंच वाईट असं मी म्हणणार नाही. तालमीतही नवं पोरगं पहिल्या दिवशी मोठ्या पैलवानाच्या अंगावर सोडत नाहीत. टॉप रँक या अमेरिकेतल्या प्रमोटर कंपनीचे ब्रूस ट्रॅम्पलर यांनी पुढं जगज्जेता झालेल्या ऑस्कर डी ला होयासारख्यांच्या सुरुवातीच्या लढती जुळवल्या, आणि मॅचमेकर असूनही बॉक्सिंगच्या हॉल ऑफ फेममध्ये त्यांना जागा मिळाली. चांगला मॅचमेकर एकदा डावखुरा देतो, एकदा उंच, एकदा असा की जो पडतच नाही आणि पोराला आठ फेऱ्या दम राखायला शिकवतो. लढत सोपी असली तरी शिकवणारी हवी. नऊच्या नऊ वेळा बकरंच दिलं तर पोरगं शिकणार काय?

वर गेल्यावर आणखी वेगळा खेळ सुरू होतो, टाळण्याचा. हेगलर, लेनर्ड, हर्न्स आणि डुरान हे चौघं नामांकित जगज्जेते १९८० ते १९८९ या दहा वर्षांत आपापसांत नऊ वेळा लढले. चौघंही कधी ना कधी हरले, आणि म्हणून काही त्यांचं नाव लहान झालं नाही. उलट मेवेदर आणि पॅकिआओ या अलीकडच्या दोन बड्या जगज्जेत्यांच्या लढतीची बोलणी २००९ मध्ये सुरू झाली, रक्त तपासणीच्या वादावर फिसकटली, आणि लढत झाली २ मे २०१५ ला, एक ३८ वर्षांचा आणि दुसरा ३६ चा झाल्यावर. घरबसल्या पैसे भरून ती बघणारी गिऱ्हाइकं ४० लाखांवर होती. मी सकाळी चहा घेत ती बघितली आणि तिसऱ्या चहाला कंटाळलो. त्यात चार वेगवेगळ्या संघटना, प्रत्येकीचा वेगळा जगज्जेता, वजनी गट सतरा-अठरा. ज्याला टाळायचं त्याला टाळायला जागा भरपूर.

जोड लावणाऱ्याचा हिशेब कधी कधी फसतो, तेव्हा मात्र मला आनंद होतो. १ जून २०१९ ला न्यूयॉर्कमध्ये हेवीवेट जगज्जेत्या अँथनी जोशुआसमोर ठरलेला माणूस औषध चाचणीत सापडला, म्हणून ऐनवेळी ढेरपोट्या अँडी रुईझला आणलं. त्यानं जोशुआला चार वेळा खाली बसवलं आणि सातव्या फेरीत सामना संपवला. त्या दिवशी मला ऊसतोडीचा पोरगा आठवला.

आता आपल्याकडचं. विजेंदरसिंहनं २००८ ला बीजिंगमध्ये कांस्यपदक आणलं. ऑलिम्पिकमध्ये चिठ्ठीत निघेल तो प्रतिस्पर्धी, निवडायची सोय नाही, त्यामुळं त्या पदकाबद्दल बोलायलाच नको. २०१५ मध्ये तो व्यावसायिक झाला, त्यानंतरचे बरेचसे गडी दोन-तीन फेऱ्यांत आटोपले आणि आपण सगळ्यांनी ‘अपराजित’ हा शब्द घासून गुळगुळीत केला. त्यातली खरी जोड मला एकच दिसली. ५ ऑगस्ट २०१७ ला मुंबईत वरळीला चीनच्या झुल्पिकार मैमैतिअलीशी तो दहा फेऱ्या लढला. दोन पंचांनी ९५-९४ असा एका गुणाचाच फरक दिला. ती लढत मी उभ्यानं बघितली, बायको दोनदा जेवायला हाक मारून गेली.

मग १९ मार्च २०२१, पणजी. मांडवी नदीतल्या कॅसिनो जहाजाच्या गच्चीवर रिंगण टाकलेलं. विजेंदर ३५ वर्षांचा, १२ लढतींत अपराजित, पण सोळा महिने रिंगणात उतरलेला नव्हता. समोर रशियाचा अर्तिश लोपसान, उंच, २६ वर्षांचा, गाठीशी अवघ्या सहा लढती. पाचव्या फेरीत रेफरीनं लढत थांबवली. दुसऱ्या दिवशी बहुतेक ठिकाणी ‘धक्कादायक पराभव’. वय, उंची आणि सोळा महिने ही माहिती आदल्या दिवशी कुणी एका ओळीत मांडली असती, तर धक्का बसायचं कारण नव्हतं. विजेंदरला यात कमी लेखायचं नाही. तरुण, उंच गड्यापुढं तो उभा राहिला, हे तर मी त्याच्या बाजूनंच मोजीन.

कुस्तीत पाठ मातीला लागली की हरलेला उठतो, पाणी पितो, घरी जातो. बॉक्सिंगमध्ये विजोड लावली तर ती डोक्यावर उतरते. म्हणून माझी विनंती छोटीच आहे. व्यावसायिक लढतीच्या बातमीत विजेत्याच्या आकड्यांशेजारी हरलेल्याचेही आकडे छापावेत, म्हणजे किती लढती, किती जिंकल्या, वय किती, शेवटचा कधी लढला. मागच्या आठवड्याच्या बातमीत मी मोजून बघितलं, टी-शर्ट आणि दिव्यांच्या वर्णनात चार ओळी गेल्या आहेत. मला एक पुरे.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक
ता. वाळवा, जि. सांगली