थीसिस संपत आल्यावर स्टॅटिस्टिक्सवाला कशाला शोधता?

संपादक साहेब, नमस्कार.

कोल्हापुरात मेडिकल रिसर्च वाढला पाहिजे असं हल्ली कोण ना कोण बोलतंय, चांगलंच आहे, पण सगळी चर्चा बिल्डिंग आणि मशीनची, माणसं एकत्र कशी बसवायची यावर कुणी बोलत नाही म्हणून हे पत्र. मी स्टॅटिस्टिक्स शिकवून रिटायर झालोय. एमडी-एमएसची पोरं अजून घरी येतात, सबमिशन तोंडावर आलेलं असतं आणि म्हणणं एकच, "सर, तेवढी पी व्हॅल्यू काढून द्या की." (पी व्हॅल्यू म्हणजे खरा फरक नसतानाही असा निकाल निव्वळ योगायोगानं यायची शक्यता किती, ते सांगणारा आकडा.) एक्सेल उघडावं तर वयाच्या कॉलममध्ये कुठं नुसतं ४५ तर कुठं "४५ वर्षे", शुगरच्या एकाच कॉलममध्ये उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची दोन्ही, मधेच कुणीतरी "नॉर्मल" लिहून मोकळं झालेलं. पेशंट केव्हाच घरी गेले, आता विचारायचं कुणाला? पोरांना तरी काय बोलणार, ड्युट्या करून जीव मेटाकुटीला आलेला असतो त्यांचा. स्टॅटिस्टिक्समधला मोठा माणूस रोनाल्ड फिशर १९३८ ला कलकत्त्याच्या परिषदेत हेच सांगून गेला, प्रयोग झाल्यावर स्टॅटिस्टिक्सवाल्याला बोलावलं तर तो फार तर पोस्टमॉर्टेम करणार, मेला कशानं तेवढं सांगणार.

आपल्या गावचाच विषय घ्या. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, एवढ्या फाउंड्र्या, म्हणजे वितळलेला धातू वाळूच्या साच्यात ओतायचे कारखाने. वाळूची बारीक धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली की सिलिकोसिस हा फुप्फुसाचा रोग होतो, बरा होत नाही, १९४८ च्या फॅक्टरी कायद्यातच तो सरकारला कळवायलाच लागणारा रोग म्हणून धरला होता. यावर नीट काम करायचं तर छातीचा डॉक्टर पाहिजे, एक्स-रे वाचणारा पाहिजे, कामगारांच्या घरापर्यंत जाणारी पीएसएमची (सार्वजनिक आरोग्य बघणाऱ्या डिपार्टमेंटची) टीम पाहिजे, शॉपफ्लोअरवर धूळ मोजणारा इंजिनिअर पाहिजे, आणि किती कामगार तपासायचे हे आधी ठरवणारा आमच्यासारखा कुणीतरी पाहिजे. एकट्या डिपार्टमेंटचं हे कामच नव्हे. त्यात हा रोग दिसायला कित्येक वर्षं लागतात आणि पीजीचं पोरगं तीन वर्षांत निघून जातं, मग पुढच्या बॅचला नवा गाईड नवा विषय आणि परत पहिल्यापासून. टीम असेल तर विषय टीमकडे राहतो, पोरं येतात-जातात.

मग टीम होत का नाही? भांडणं, इगो हे सगळीकडेच असतं, ते सोडा. खरी गोम मेडिकल कॉलेजच्या शिक्षकांच्या प्रमोशनमध्ये आहे. २०१५ मध्ये एमसीआयनं, म्हणजे तेव्हाच्या दिल्लीच्या मेडिकल कौन्सिलनं, नियम काढला, रिसर्च पेपरवर पहिल्या दोन नावांनाच मार्क. मग तिसरा कशाला राबेल? २०२० ला तो सैल करून पहिली तीन नावं आणि कॉरस्पॉन्डिंग ऑथर (पेपरबद्दल जर्नलशी पत्रव्यवहार करणारा लेखक) धरायला लागले, पण मी वर सांगितलेल्या टीममध्येच पाच जण झाले, पाचव्यानं काय करायचं? दिल्लीचा नियम आपल्या हातात नाही हे मान्य, पण काम सुरू व्हायच्या आधी कोण काय करणार आणि पहिल्या पेपरवर कुणाचं नाव पुढं, दुसऱ्यावर कुणाचं, एवढं कागदावर लिहून सह्या घ्यायला कुणाची परवानगी लागत नाही.

दुसरी अडचण अंतराची, म्हणजे किलोमीटरची नव्हे. सरकारी मेडिकल कॉलेज नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाखाली, आणि स्टॅटिस्टिक्स, बायोकेमिस्ट्री, मायक्रोबायोलॉजी शिवाजी विद्यापीठात. गाडीवरनं जायला असा किती वेळ लागतो, पण फाईल जायची म्हटलं की बघायलाच नको. डी. वाय. पाटील अभिमत विद्यापीठात मेडिकल आणि इंटरडिसिप्लिनरी रिसर्च एकाच छताखाली आहे, त्यांना हे तुलनेनं सोपं जावं.

माझं मागणं मोठं नाही. सिनॉप्सिस, म्हणजे थीसिसचा आराखडा, एथिक्स कमिटीकडे जायच्या आधी, पेशंट घ्यायला सुरुवात व्हायच्या आधी, पीजी, गाईड, लॅबवाले आणि स्टॅटिस्टिक्सवाला एकदा तासभर एका टेबलावर बसू देत, डेटा भरायचा फॉर्म तिथंच ठरू दे. त्यासाठी पगारी माणूस मिळत नसेल तर शहरात आमच्यासारखे रिटायर लोक आहेत की, गुरुवारी दुपारी बोलवा, मी येतो, मानधन नको, पण एक्सेल कोरं पाहिजे.

– एक निवृत्त प्राध्यापक, राजारामपुरी, कोल्हापूर