रेकॉर्ड रूमच्या काकांना, बाबांच्या फाइलसाठी

काका, नमस्कार.

तुमचं नाव टाकत नाहीये, कारण तुम्ही आधीच बजावून ठेवलंय की माझं नाव कुठे द्यायचं नाही, मी माझी ड्यूटी केली. पण गप्प बसणं मला जमेना, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय. नागपूर विद्यापीठाच्या त्या खोलीत ज्यांना कधी काम पडलंय ते वाचता वाचता तुम्हाला ओळखतीलच.

23 सप्टेंबर 2023 ची पहाट नागपुरात कोणी विसरणार नाही. अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, नाग नदीला पूर आला आणि झोपेतून उठेपर्यंत आमच्या घरात गुडघ्याच्या वर पाणी. आईला वरच्या मजल्यावर नेलं, सिलिंडर नेला, औषधांचा डबा नेला, आणि बाबांची खोली राहून गेली. बाबांना जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. दिवाणाखाली त्यांच्या दोन लोखंडी पेट्या, त्यात आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकवलं त्याचा सगळा कागद, लेक्चरच्या नोट्स, टूरच्या वह्या, विद्यार्थ्यांची पत्रं, ऑर्डरी, फोटो. पाणी उतरल्यावर पेट्या उघडल्या तर वर चिखल आणि खाली नुसता लगदा.

ऊन पडलं तसे मी अर्धे कागद गच्चीवर पसरले. दुसऱ्या दिवशी बाबांच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं तुमचा नंबर दिला, म्हणाला त्यांना विचार, कागदाचं त्यांना सगळं कळतं. तुम्ही मला ओळखत नव्हता, रविवार होता, तरी फोन उचलला आणि माझं रडगाणं संपायच्या आत म्हणालात, "पोरी, त्याले ऊन नको दाखवू. उरलेलं जसं आहे तसं पिशवीत भर अन् फ्रीजरमधी ठेव." मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मग तुम्ही शांतपणे समजावलं की ओल्या कागदाला दोन दिवसांत बुरशी धरते, गोठवला की ती थांबते, मग सवडीनं थोडा थोडा काढून सावलीत पंख्याखाली वाळवता येतो, चिकटलेली पानं ओढायची नाहीत, आणि फोटो ओले असतील तर स्वच्छ थंड पाण्यात ठेवायचे, वरून बोट फिरवायचं नाही. आमच्याकडे लाईट नव्हती म्हणून धरमपेठेत मावशीकडे नेऊन तिच्या फ्रीजरमध्ये ठेवलं, तिनं मटार-बिटार सगळं बाहेर काढलं बिचारीनं. गच्चीवरचे कागद पापडासारखे कडक झाले आणि एकमेकांना जे चिकटले ते कायमचे. फ्रीजरमधले बरेचसे वाचले.

पण वाचले ते थोडेच होते. आई रोज एकच विचारायची, त्यांचं काहीच नाही का गं राहिलं. म्हणून मी शोधायला निघाले. बाबांची पहिली नोकरी यवतमाळ जिल्ह्यातली, त्या कॉलेजात गेले तर सांगितलं जुनं सगळं रद्दीत गेलं, इमारत बदलली तेव्हा. इतक्या सहज सांगितलं की मी जिन्यातच बसले. दुसरीकडे विचारलं तर म्हणाले अमरावतीला बघा, तुमचा जिल्हा तिकडे. शेवटी तुम्हीच गाठ सोडवली. अमरावती विद्यापीठ झालं 1983 साली, बाबा लागले त्याच्या कितीतरी आधी, तेव्हा यवतमाळ नागपूर विद्यापीठातच होतं, म्हणजे त्यांच्या नेमणुकीच्या मान्यतेचा कागद निघाला तर इथेच निघेल. 1923 साली स्थापन झालेलं विद्यापीठ, त्यातून आधी सागर, मग अमरावती, 2011 मध्ये गडचिरोलीचं गोंडवाना असं एकेक वेगळं होत गेलं, आणि दर वेळी माणसांचे कागद कुठे राहिले हे ठाऊक असणारं कोणीतरी लागतं. आम्हाला तुम्ही होता.

ती फेब्रुवारीतली दुपार मला अजून दिसते. डांबरगोळ्यांचा वास, रॅकवर लाल कापडात बांधलेले बस्ते, आणि टेबलावर काचेच्या बरणीत गंजलेल्या टाचण्या. मी विचारलं हे कशाला जमवलंय, तर म्हणालात फेकू कुठे, कोणाच्या पायात जाईल. प्रत्येक फाइलीतून तुम्ही टाचणी नखानं न ओढता खाली जाडसर कागद सरकवून हळूच सोडवता, कारण टाचणीचा गंज आधी एक ठिपका करतो आणि मग तिथून कागदच झडतो. टाचणी काढली तरी कागदांचा क्रम मात्र हलवत नाही. मी एक पत्र तारखेप्रमाणे वर घ्यायला गेले तेव्हा तुम्ही माझा हात धरला. म्हणालात, ज्या क्रमानं लागला तो क्रम पण पुरावाच आहे, कोणतं पत्र कशाच्या उत्तरात आलं ते त्यावरून कळतं. बाबा खडकांच्या थरांबद्दल अगदी हेच सांगायचे, जागेवरून उचललेला दगड निम्मी गोष्ट गमावून बसतो.

आणि मग फाइल. मान्यतेचं पत्र, त्यांच्या हातचा बायोडेटा, पुढे विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात आले त्याची ऑर्डर, गाईड म्हणून मान्यता, हे सगळं होतंच. पण मध्येच टूरच्या परवानगीचा अर्ज निघाला, मोहगाव कलानला न्यायचा, आणि त्याला जोडलेली 22 मुलामुलींची यादी. मोहगाव कलान छिंदवाडा जिल्ह्यातलं, तिथल्या चर्टमध्ये, म्हणजे गारगोटीसारख्या कठीण दगडात, साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासच्या झाडांचे अवशेष सापडतात, 1930 च्या दशकात बिरबल साहनींनी त्यावर काम केलं तेव्हापासून वनस्पतिशास्त्रवाल्यांसाठी ती पंढरीच. यादीत प्रत्येक नावापुढे बाबांनी पेन्सिलीनं काहीतरी लिहिलेलं, "चष्मा", "डबा आणत नाही, जास्तीचा घेणे", "हातोडा देऊ नये". आईनं झेरॉक्सवर ते वाचलं आणि पूर आल्यापासून पहिल्यांदा मोकळी हसली.

त्याच्याखाली एका संशोधन अनुदानाचा प्रगती अहवाल, आणि अहवालाला जोडलेल्या छोट्या पाकिटात एक पील. वाचणाऱ्यांसाठी सांगते, दगड कापून घासून पॉलिश करतात, मग हायड्रोफ्लोरिक ॲसिडनं तो पृष्ठभाग जरासा खातात, त्यामुळे आतल्या पेशींच्या भिंती केसभर वर उभ्या राहतात, मग ॲसिटोन ओतून त्यावर सेल्युलोज ॲसिटेटची पारदर्शक फिल्म बसवतात आणि वाळल्यावर सोलून काढतात, झाडाचा तो पातळ थर फिल्मबरोबर निघून येतो. तुम्ही पाकीट खिडकीपाशी नेऊन ती फिल्म उजेडात धरली, कडेला हात लावून. खोडाचा आडवा छेद, एकेक पेशी मोजता येईल असा. कोपऱ्यात बाबांचं अक्षर. घरच्या सगळ्या पील पुरात गेल्या काका, ही एकच राहिलीये.

एका गोष्टीवरून मी तुमच्याशी भांडले होते ते पण लिहायला पाहिजे. फाइलीतली काही पानं तुम्ही दाखवली नाहीत, गोपनीय अहवाल आणि दुसऱ्या कोणाबद्दलचा पत्रव्यवहार. मी म्हटलं मी मुलगी आहे त्यांची. तुम्ही म्हणालात, "तुह्या बाबानं माझ्यावर विश्वास टाकून थोडीच दिलं हे, पण ठेवलं तर मी ना." तेव्हा राग आला. आता वाटतं की अशीच माणसं त्या खोलीत हवीत. जो माझ्यासाठी दुसऱ्याची पानं उघडत नाही तो उद्या बाबांची पानं पण कोणालाही उघडून देणार नाही. अर्ज घेतलात, सही आणलीत, आणि जेवढं देता येतं तेवढं सगळं दिलंत, एक झेरॉक्स फिकी आली तर परत काढून दिलीत.

बाबा आम्हाला हिस्लॉप यांची गोष्ट सांगायचे, ज्यांच्या नावाचं नागपुरात कॉलेज आहे ते. मिशनरी, पण नागपूरच्या आसपासचे जीवाश्म गोळा करणाऱ्या सुरुवातीच्या जाणकारांपैकी एक. 1863 च्या सप्टेंबरमध्ये टाकळघाटची शिळावर्तुळं बघून परत येताना ओढ्याला पूर आलेला, त्यात ते बुडाले. त्यांचे हस्तलिखित कागद मात्र मागे राहिले आणि तेव्हाचे मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनी 1866 मध्ये ते छापून काढले. आमच्याकडे उलटं झालं, माणूस घरी शांतपणे गेला आणि कागद पुरात बुडाले. टेंपल यांच्या जागी मला तुम्ही दिसता, आणि यात मी काही वाढवून बोलत नाहीये.

संस्कृत पंडित वा. वि. मिराशींसारख्या मोठ्या माणसांचं काम टिकतंच, वाकाटक राजांच्या कोरीव लेखांचा त्यांचा 1963 चा खंड आजही लोक उघडतात. पण बाबांसारखे शेकडो मास्तर, ज्यांनी मोठं पुस्तक लिहिलं नाही, फक्त पिढ्यान्‌पिढ्या मुलं शिकवली, पेपर काढले, तपासले, टूर नेल्या, त्यांचं काम त्या बस्त्यांतच असतं. तो बस्ता वाळवीपासून जपणारा माणूस पगारपत्रकावर कुठेतरी खालीच असतो, हे मला फार टोचतं. विद्यापीठाची शंभरी झाली तेव्हा स्टेजवर तुम्ही नव्हता. मला तुम्ही तिथे हवे होता.

फ्रीजरमधून वाचलेली टूरची वही मी गेल्या महिन्यात तुमच्याकडे आणून दिली, तुम्ही मागच्या पानावर पेन्सिलीनं नंबर टाकला आणि रजिस्टरमध्ये माझी सही घेतली. आईला ते सांगितलं तर म्हणाली बरं झालं, आता ते एका जागी आहेत.

मावशीच्या फ्रीजरमध्ये अजून दोन पुड्या आहेत. उघडायला तुम्ही येतो म्हणाला होता. कोणत्याही रविवारी या, मावशीनं ब्लॉटिंग पेपर आणून ठेवलाय, आणि आई म्हणतेय जेवूनच जायचं.

तुमची,
सरांची मुलगी