चौकातल्या फळ्यावर नदीची पातळी लिहिणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

गेल्या महिन्यात तालमीच्या कार्यकर्त्यांनी आपला सत्कार करायचे ठरवले, तेव्हा आपण शाल-श्रीफळ नको म्हणालात आणि त्याऐवजी फळ्यासाठी खडू आणून द्यायला सांगितलेत, हे आता साऱ्या शाहूपुरीला ठाऊक आहे. सत्कार आपण टाळू शकलात; पण कुंभार गल्लीतील आमच्या घरावर आपले जे ऋण आहे ते मनातच ठेवून राहणे मला आता जमत नाही, म्हणून हे पत्र सर्वांसमोर लिहीत आहे. आपले नाव मी लिहिलेले नाही. ते आपल्याला रुचणार नाही, आणि ज्यांना हे पत्र कळायला हवे त्यांना नावाची गरजही नाही.

बाहेरगावच्या वाचकांसाठी एवढेच सांगते, की कोल्हापुरात चौकाचौकांत फळे असतात. तालीम मंडळांचे, पक्षांचे, वाढदिवसांचे आणि निषेधाचेही असतात. आपला फळा यांपैकी कशाचाच नाही. वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांशेजारी भिंतीला टेकवलेली ती एक काळी फळी आहे, आणि पहाटे अंक वाटून झाले की आपण तीवर त्या दिवशी आपल्या भागातल्या माणसाला उपयोगी पडेल तेवढेच लिहिता. कोणत्या भागाचे पाणी बंद राहणार, केएमटीची बस कोणत्या रस्त्याने वळवली आहे, रेशनचे धान्य कधी येणार, सीपीआर या सरकारी रुग्णालयात कोणाला कोणत्या गटाचे रक्त तातडीने हवे आहे. नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या अखेरीस अंबाबाईचा किरणोत्सव असतो, तेव्हा मावळतीची किरणे देवीच्या चरणांपर्यंत पोहोचली की कमरेपर्यंत, हेही संध्याकाळी फळ्यावर येते, आणि माझी आजी ती ओळ मला दोनदा वाचायला लावत असे. काळम्मावाडी धरणाच्या थेट पाइपलाइनचे पाणी २०२३ च्या दिवाळीत शहरात आले, तेव्हा इतकी वर्षे वाट पाहिलेली ती बातमी आपण साध्या एका ओळीत लिहिली होतीत आणि तिच्यासमोर त्या दिवशी बराच वेळ माणसे उभी होती.

पण माझे सांगणे आहे ते पावसाळ्यातल्या फळ्याविषयी.

आम्ही मूर्तिकार. आषाढ-श्रावणात आमच्या घरात माणसाला पाय ठेवायला जागा नसते. माळ्यावर, ओट्यावर, जिन्याच्या पायऱ्यांवर सगळीकडे गणपती असतात, काही वाळत असलेले, काही रंगाच्या पहिल्या हातातले, काही डोळ्यांच्या आखणीसाठी थांबलेले. २०१९ साली नागपंचमी ५ ऑगस्टला होती. त्या सकाळी आई आणि मी मातीचे नाग विकायला बसलो होतो आणि बाबा अंक आणायला आपल्याकडे आले होते. पंचगंगा नदीची पातळी फळ्यावर होती, गेल्या दोन तासांतली वाढ होती, आणि तिच्याखाली आपण रेघ ओढली होती. बाबांनी ते पाहिले. पण आमच्या घराच्या भिंतीवर २००५ च्या पुराची खूण आहे, आणि त्या वर्षी पाणी जिथे थांबले त्याच्या वर ते कधी येणार नाही असे घरातल्या सगळ्यांनी धरून ठेवले होते. त्या रात्री पाणी त्या खुणेच्या वर गेले. पुढे, जिथे नदीची पातळी मोजतात त्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ५५ फूट ओलांडले; इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट असलेल्या नदीसाठी ५५ फूट म्हणजे काय, हे आम्ही माळ्यावर बसून पाहिले. शाडूला पाणी लागले की तो मूर्ती राहत नाही, पुन्हा माती होतो. गणेश चतुर्थी २ सप्टेंबरला होती. चार आठवड्यांत पुन्हा उभे राहणे शक्य नव्हते, आणि त्या वर्षी आम्ही अनेक घरांची आगाऊ रक्कम परत केली.

पूर ओसरल्यावर बाबा आपल्याकडे आले ते थोड्या रागानेच. ‘पाणी येणार हे माहीत होतं, तर आम्हाला सांगितलं का नाही वो?’ असे त्यांनी विचारले होते. फळ्यावर लिहिले होते, असे उत्तर आपण देऊ शकला असता आणि ते खरेच होते. आपण ते दिले नाहीत. आपण त्यांना बाकावर बसवलेत, चहा मागवलात आणि ‘लिहिलं होतं, पण तुमच्या दारापर्यंत ते कसं पोचतंय हे लिहायला हवं होतं’ असे म्हणालात. बाबांनी हे वाक्य घरी येऊन जसेच्या तसे सांगितले, म्हणून ते मला पाठ आहे.

त्यानंतरच्या हिवाळ्यात आपण जे केलेत ते फार थोड्यांना माहीत आहे. वही घेऊन आपण शाहूपुरीच्या गल्ल्या फिरलात, घराघरांत २०१९ ची खूण कुठवर आहे ते विचारलेत आणि पाणी उंबऱ्याशी आले तेव्हा किती वाजले होते हे ज्यांना आठवत होते त्यांच्याकडून ते टिपून घेतलेत. त्या वेळा आपण बंधाऱ्यावरच्या त्या दिवसांच्या नोंदींशी ताडून पाहिल्यात आणि प्रत्येक गल्लीसाठी एक आकडा काढलात, की बंधाऱ्यावर अमुक फूट झाले म्हणजे तुमच्या तोंडाशी पाणी. आमचा आकडा बाबांनी दुकानाच्या दारामागे तेलरंगाने लिहून ठेवला आहे.

आमच्यासारख्या नदीपासून दूर राहणाऱ्यांना पूर समजत का नाही, हेही त्याच वेळी आपण समजावून दिलेत. आम्ही नदीकडे पाहत बसतो, आणि पाणी मात्र मागच्या बाजूने येते. पंचगंगा चढली की शहरातून वाहत येणाऱ्या जयंती नाल्याचे पाणी नदीत शिरू शकत नाही, उलट नदीच नाल्यातून मागे सरकते, आणि ती फूग गटारांच्या तोंडातून गल्लीत उतरते. पाऊस उघडलेला असतो, ऊन पडलेले असते आणि तरी पाणी वाढत असते, ते याचमुळे. शिवाय खाली नृसिंहवाडीला पंचगंगा ज्या कृष्णेला मिळते, ती कृष्णाच तुडुंब असली तर आपल्या नदीला पुढे सरकायला वाट उरत नाही. हे सगळे आपण फळ्यावर खडूने काढून दाखवले होते, आणि माझ्या शाळेतल्या मुलांना भूगोल शिकवताना आजही मी तेच चित्र काढते.

२२ जुलै २०२१ चा दिवस मला तासातासाने आठवतो. पाऊस असा होता की समोरचे घर दिसत नव्हते. आपल्या फळ्यावर सकाळची पातळी होती आणि कोपऱ्यात, पुसू नये म्हणून चौकट केलेली, आधीची पातळी होती. त्या दोन आकड्यांमधले अंतर पाहून बाबा घरी धावत आले. पाणी गल्लीपासून अजून लांब होते आणि शेजारी घाई कशाला म्हणून विचारत होते. पण पातळी किती आहे यापेक्षा ती किती वेगाने चढते आहे हे आधी पाहावे, हे आपण दोन वर्षे सांगत आला होता, आणि त्या दिवशीचा वेग २०१९ च्या वेगापेक्षा जास्त होता. दुपारपासून आम्ही मूर्ती हलवायला लागलो. गल्लीतली पोरे आली, तालमीची पोरे आली, ओल्या मूर्ती पाटासकट दोघादोघांनी धरून स्टेशनच्या बाजूच्या चढावरल्या एका रिकाम्या हॉलमध्ये नेऊन मांडल्या. मध्यरात्रीनंतर शेवटची खेप गेली तेव्हा गल्लीच्या तोंडाशी पाणी आले होते. त्या वर्षी नदी ५६ फुटांवर गेली, म्हणजे २०१९ पेक्षाही वर, आणि आमच्या घरात पाणी पूर्वीपेक्षा जास्त होते. मूर्ती मात्र वाचल्या. १० सप्टेंबरला ज्या घरांत आमचे गणपती बसले, त्या घरांना हे कधी कळले नाही.

आपले स्वतःचे दुकान त्या रात्री पाण्यात गेले. अंकांच्या गठ्ठ्यांआधी आपण फळा उचललात आणि चढावर नेऊन पुन्हा भिंतीला टेकवलात. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला त्यावर पातळी लिहिलेली होती.

त्याच पुरात एका रात्री धरण फुटल्याचा निरोप सगळ्यांच्या फोनवर फिरला. कोणीतरी ओरडत गेले, बायका मुलांना कडेवर घेऊन चिखलातून चढाकडे निघाल्या, आणि त्या धावपळीत आमच्या शेजारच्या आजी पडल्या. आपण अंधारात बॅटरी लावून फळ्यावर लिहिलेत की राधानगरी धरणावर बोलणे झाले आहे, धरण सुरक्षित आहे. त्याखाली बोलणे किती वाजता झाले ती वेळ, आणि त्याखाली राधानगरीच्या दरवाजांविषयी चार ओळी: ते सात दरवाजे स्वयंचलित आहेत, धरण भरले की पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतात, एका दरवाजातून १,४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट, पाणी बाहेर पडते, आणि ते पाणी कोल्हापुरापर्यंत यायला बरेच तास जातात. ‘दरवाजा उघडला’ म्हणजे ‘धरण फुटले’ नव्हे, हे त्या रात्री पहिल्यांदा अनेकांना कळले. लोक थांबले, बसले, काही जण तिथेच फळ्याखाली झोपले.

आपल्या लिहिण्यात मला सर्वांत मोलाची वाटली ती गोष्ट मात्र आकड्यांची नाही. आपल्याला जे कळलेले नसे, तेही आपण लिहीत होता. महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला होता, दूध येणार का, पेट्रोल मिळणार का, हे जो तो विचारत होता आणि ज्याला त्याला काहीतरी उत्तर मिळत होते. आपल्या फळ्यावर ‘पेट्रोल – समजले नाही, दुपारी पुन्हा विचारतो’ असे असे, आणि दुपारी खरोखरच त्या जागी नवी ओळ येई. एकदा टँकरची वेळ चुकीची लिहिली गेली आणि बायका घागरी घेऊन दोन तास उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी फळ्याच्या अगदी वर, पातळीच्याही आधी, ‘काल टँकरची वेळ मी चुकीची लिहिली, त्रास झाला त्यांची क्षमा मागतो’ असे होते आणि संध्याकाळपर्यंत आपण ते पुसले नाही. त्या बायकांत माझी आई होती. तिने त्यानंतर कुठल्याही गोष्टीसाठी कोणाला फोन केला नाही. ‘फळा बघून ये जा’ एवढेच ती मला सांगत असे.

पाणी ओसरल्यावरचे दिवस पुराहून कठीण असतात, आणि तेव्हा विचारायला कोणी येत नाही. पंचनाम्यासाठी कोणत्या गल्लीत कोणत्या दिवशी माणसे येणार, कोणते कागद हाताशी ठेवायचे, भिजलेले कागद असतील तर काय करायचे, शहराला पाणी देणारे शिंगणापूरचे उपसा केंद्र सुरू झाले की नाही, नळाला आलेले पहिले पाणी का प्यायचे नाही, हे सारे आपण त्या महिनाभर लिहीत राहिलात. आमच्या मागल्या घरी राहणाऱ्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या मावशींसाठी आपण रोज ते मोठ्याने वाचून दाखवत होता. मी हे दुरून पाहिले आहे. त्या वेळी जवळ येऊन आभार मानायला हवे होते, ते राहून गेले.

आपल्या डोळ्यांना आता त्रास होतो आणि या पावसाळ्यापासून संध्याकाळची पातळी कॉलेजातली दोन मुले लिहिणार आहेत, असे कळले. आपण त्यांना तीन गोष्टी सांगितल्या आहेत: वेळ लिहिल्याशिवाय आकडा लिहायचा नाही, कोणाकडून कळले ते विचारल्याशिवाय खडू उचलायचा नाही, आणि आधीचा आकडा चौकटीत ठेवल्याशिवाय नवा लिहायचा नाही. मुलांनी हे वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घेतले आहे. गल्लीगल्लीचे आकडे ज्या वहीत आहेत ती वही २०२१ च्या पुरात भिजली होती. आपली परवानगी असेल तर ती मी स्वच्छ अक्षरात पुन्हा उतरवून देते, दोन प्रती काढते, आणि एक आपल्याकडे व एक तालमीत ठेवू. आमच्या गल्लीतल्या नव्या बांधकामांमुळे काही ठिकाणी पाण्याची वाट बदलली आहे, तेवढे आकडे या हिवाळ्यात पुन्हा तपासावे लागतील. त्या फेरीत आपल्यासोबत चालायला मी आणि बाबा दोघेही येऊ.

बाबांनी आणखी एक निरोप दिला आहे. फळ्याचा काळा रंग खालच्या बाजूला उडाला आहे आणि तिथे खडू उमटत नाही. मूर्तींचे रंग करणारे आमच्या घरात चार हात आहेत. येत्या रविवारी अंक वाटून झाल्यावर फळा दोन तासांसाठी आमच्या ओट्यावर पाठवावा. वाळला की दुपारच्या आत जागेवर आणून टेकवतो.

आपली कृतज्ञ,
कुंभार गल्लीतील एक मुलगी
शाहूपुरी, कोल्हापूर