ब्राझील म्हणजे फक्त सांबा नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला ब्राझीलच्या संगीतावरचा लेख वाचला. सांबा आणि बोसानोव्हावर छान लिहिलंय, पण ईशान्य ब्राझीलच्या 'बायांव'चा त्यात उल्लेखही नाही, याचं वाईट वाटलं. मी मिरजेत गिटार शिकवते आणि हा ताल मुलांना आवर्जून देते.

बायांव रिओच्या किनाऱ्यावरचा नाही. तो 'सेर्तांव' या कोरड्या, दुष्काळी मुलखातला. पेर्नाम्बुको राज्यातल्या एशू गावी 1912 साली जन्मलेल्या लुईझ गोन्झागांनी अकॉर्डियन, झाबुंबा हा ढोल आणि लोखंडी त्रिकोण एवढ्याच वाद्यांवर तो देशभर पोचवला. उंबेर्तो तेशेरांसोबत त्यांनी केलेलं 'आझा ब्रांका' (1947) पावसाअभावी घरदार सोडणाऱ्याचं गाणं आहे. माण-खटावच्या माणसाला ते समजावून सांगावं लागणार नाही.

आता गिटारचं. मात्रा आठ, विभागणी तीन-तीन-दोन. झाबुंब्याचं काम अंगठ्याकडे: जाड तार पहिल्या आणि चौथ्या मात्रेला. बोटांनी कॉर्ड सातवीला. चार-चार मात्रांचा आपला केरवा ताल अंगात मुरलेल्या मुलांचा नेमका इथे गोंधळ होतो, कारण अंगठा सवयीने पाचवीची वाट बघतो. बायांवमध्ये चौथीचा ठोका पाचवीवरून घुमत पुढे जातो, पाचवीला नवा आघात नसतोच. म्हणून मी आधी गिटार खाली ठेवायला लावते. पायाने पहिली-पाचवी, टाळी पहिली, चौथी, सातवीला. हे बिनचूक जमल्याशिवाय तारेला हात नाही. तारा कधी वर, कधी खाली छेडायच्या हे दाखवणारे बाणांचे तक्ते पाठ करून हा ताल कधीच येत नाही, हे माझं ठाम मत आहे. सुरांचं मात्र आपल्या मुलांना काही अवघड नाही. बायांवमधला कोमल निषाद खमाज रागातला ओळखीचा, कधी जोडीला तीव्र मध्यम आला की वाचस्पती रागाचेच सूर.

13 डिसेंबर हा गोन्झागांचा जन्मदिवस ब्राझीलमध्ये राष्ट्रीय 'फोहो' दिन असतो. फोहो म्हणजे ईशान्य ब्राझीलचं लोकप्रिय नाच-गाणं. बायांव त्याच फोहो परंपरेतला. त्या सुमारास पुरवणीचं एक पान या तालाला द्यावं, ही विनंती. सोबत झाबुंबा वाजवणाऱ्याच्या दोन्ही हातांचा फोटो जरूर छापा. एका हातात वरच्या चामड्यासाठी जाड टिपरू, दुसऱ्या हातात खालच्यासाठी बारीक काडी. तो पाहिला, की गिटारवर अंगठा आणि बोटं वेगवेगळी का चालवायची हे मुलांना शिक्षकाशिवायही कळेल.

— एक गिटारशिक्षिका, मिरज