बाबा, तुमचा 'एच' इथे दगडावर कोरलाय

गटिंगेन (जर्मनी), सोमवार

ती. आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

काल इथल्या नगरपालिकेच्या जुन्या दफनभूमीत जाऊन आले. आई, स्मशान म्हटल्यावर तुझ्या डोळ्यांपुढे जे येतं तसं तिथे काही नाही. मोठी झाडं, एक तळं, आणि झारी घेऊन आपल्या माणसाच्या थडग्यावरच्या फुलांना पाणी घालणारे लोक. जागा इथे ठरावीक वर्षांसाठीच मिळते. मुदत संपली आणि घरच्यांनी ती वाढवली नाही, तर दगडही काढतात. मला ते ऐकून फार वाईट वाटलं.

बाबा, १८८१ साली सुरू झालेल्या या दफनभूमीत आठ नोबेलविजेते आहेत. भौतिकशास्त्रज्ञ माक्स प्लांक यांच्या दगडावर वर नुसतं नाव आणि खाली अगदी तळाला तुमचा 'एच', म्हणजे प्लांकचा स्थिरांक: ६.६२ गुणिले दहाचा उणे २७ वा घात, अर्ग-सेकंद. बारावीच्या वर्गात तुम्ही दरवर्षी फळ्यावर लिहायचात तोच. मी कितीतरी वेळ तिथून हलले नाही.

त्यांच्या घरचं मात्र त्या दगडावर काही नाही. थोरला मुलगा पहिल्या महायुद्धात, १९१६ साली व्हर्दांच्या लढाईत गेला. जुळ्या मुली, दोघीही बाळंतपणात गेल्या. दुसरा मुलगा एर्विन, त्याला हिटलरविरोधी कटात सामील ठरवून १९४५ च्या जानेवारीत फाशी दिलं. बर्लिनचं घर बाँबहल्ल्यात आधीच जळालं होतं. सत्याऐंशी वर्षांचा हा माणूस निराधार होऊन या गावात आला आणि दोन वर्षांनी, १९४७ मध्ये, इथेच वारला. तुम्ही हे वर्गात कधी सांगितलं नव्हतं. तुम्हाला माहीत होतं का?

दुसरे भौतिकशास्त्रज्ञ माक्स बॉर्न, त्यांच्या दगडावरही समीकरण आहे: पी-क्यू वजा क्यू-पी. पी म्हणजे कणाचा संवेग, क्यू म्हणजे त्याचं स्थान. गुणाकाराचा क्रम बदलला की उत्तर बदलतं, हे १९२५ साली याच गावात सुचलं. १९३३ मध्ये ज्यू म्हणून त्यांना नोकरीवरून काढलं. मग सी. व्ही. रामन यांनी त्यांना बंगळूरला बोलावलं होतं, ते तुम्ही नेहमी सांगता. त्यांना तिथे कायमची जागा मिळाली नाही याची तुमच्याइतकीच मलाही आता हळहळ वाटते. म्हातारपणी ते जर्मनीत परतले. शेजारी पत्नी हेडविग आहेत.

गणितज्ञ हिल्बर्ट यांच्या दगडावर त्यांचेच शब्द आहेत: आपल्याला जाणून घ्यायलाच हवं, आणि आपण जाणून घेऊच. तिथे कुणीतरी ताजी फुलं ठेवली होती.

बाबा, या सगळ्यांची नावं मी पहिल्यांदा तुमच्याच तोंडून ऐकली. म्हणून ही जागा तुम्ही स्वतः बघावी असं मला मनापासून वाटतं. पुढच्या मे महिन्यात दोघंही या. थंडी सरलेली असते, वाटा सपाट आहेत, आईला मध्येमध्ये बसायला बाकं आहेत. पासपोर्टची मुदत तेवढी बघून मला कळवा, बाकी सगळं मी करते.

तुमची,
मुक्ता