नंबर बदलला, दुसऱ्याचे खाते उघडले

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आमच्या तालुक्यातील एका पतसंस्थेने कर्जखात्याचा उतारा मोबाइलवर पाहण्याची सोय केली आहे. वडिलांच्या केळीच्या कर्जाचा उतारा मी त्यावर काढला. ओटीपी आला, उतारा उघडला. लिंकच्या शेवटी खाते क्रमांक होता. तीच लिंक पुन्हा हाताने टाकताना एक अंक चुकला आणि गावातल्याच दुसऱ्या शेतकऱ्याचा उतारा समोर आला. मुद्दल, थकलेले हप्ते, जामीनदारांची नावे, सगळे.

मी डेटाबेसचेच, म्हणजे संगणकावर नोंदी साठवणाऱ्या प्रणालींचेच, काम करतो. इथे प्रणालीने 'तुम्ही कोण' एवढे विचारले. 'हे खाते तुमचे आहे का' हे विचारलेच नाही. वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवॅस्प संस्थेने २०२१ च्या धोक्यांच्या यादीत परवानगी-तपासणीतील अशा चुकांनाच पहिला क्रमांक दिला होता.

आपल्याकडे याचा फटका कसा बसेल, ते रावेर-यावलच्या शेतकऱ्याला सांगायला नको. बाग कापणीवर आली असताना कोणाचे किती हप्ते थकलेत हे व्यापाऱ्याला कळले, तर केळीचा जाहीर झालेला बोर्डाचा भाव काहीही असो, त्या माणसाला पडत्या भावात माल द्यावा लागतो.

मी संस्थेला कळवले. त्यांनी लिंकमधला क्रमांक दिसेनासा केला आणि दुरुस्ती झाल्याचे सांगितले. पण क्रमांक लपवला तरी तो सर्व्हरकडे, म्हणजे माहिती पुरवणाऱ्या संस्थेच्या संगणकाकडे, जातोच, आणि जाणकाराला तो बदलता येतो. तपासणी सर्व्हरवर, शक्यतो डेटाबेसमध्येच हवी. पोस्टग्रेससारख्या मोफत डेटाबेसमध्ये कोणाला कोणत्या ओळी (म्हणजे नोंदी) दिसाव्यात हे ठरवण्याची सोय २०१६ पासून आहे. मात्र टेबलाच्या (नोंदींच्या तक्त्याच्या) मालकाला, म्हणजे डेटाबेसमधील ज्या वापरकर्त्याच्या नावावर तो तक्ता आहे त्याला, हा नियम आपोआप लागू होत नाही, तो वेगळा सक्तीचा करावा लागतो. अनेकदा ॲप त्या मालकाच्याच नावाने डेटाबेसला जोडलेले असते. मग नियम लिहिलेला राहतो आणि सगळ्या ओळी सगळ्यांना दिसत राहतात.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात माहितीची पुरेशी सुरक्षा न ठेवल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. दंड झाला तरी तो भरला जाईल सभासदांच्याच पैशातून, म्हणून आधीच विचारलेले बरे. येत्या वार्षिक सभेसाठी मी लेखी प्रश्न दिला आहे : एका सभासदाच्या लॉगिनने दुसऱ्याचे खाते उघडते का, हे बाहेरच्या तज्ज्ञाकडून कधी तपासून घेतले होते? इतर सभासदांनीही आपापल्या संस्थेत हा प्रश्न द्यावा, ही विनंती.

– एक सभासद, फैजपूर (ता. यावल, जि. जळगाव)